एक इंजेक्शन झालं होतं की, मग पार्वो झालाच कसा?

दिवाळी सरली की आमच्या कोल्हापुरात गल्लोगल्ली पिल्लं दिसायला लागतात, बांधकामाच्या वाळूच्या ढिगावर, बंद टपरीच्या खाली, कुणाच्या तरी गाडीच्या चाकाला टेकून. आणि नाताळच्या आसपास मला फोन यायला लागतात. मित्रमंडळीत मी "कुत्र्यांचा माणूस" म्हणून फेमस आहे, डॉक्टर नाही बरं का, नुसता पाळणारा. फोन सगळे एकाच छापाचे. "भावा, पिल्लू काल रात्रीपासनं उलट्या करतंय, काय खात नाही, आता संडासला रक्त पडतंय. इंजेक्शन तर दिलं होतं की एक!"

त्या "एक"मध्येच सगळी गोम आहे. हा लेख त्यावरच आहे.

आणखी एक घोळ म्हणजे लस म्हटलं की आपल्या डोक्यात फक्त रेबीज येतो. २०२५ च्या ऑगस्टमध्ये भटक्या कुत्र्यांवरनं सुप्रीम कोर्टाचे आदेश आले तेव्हा नसबंदी आणि लस, नसबंदी आणि लस असं सगळीकडं चाललं होतं, पण ती लस रेबीजची. ती पाहिजेच, त्यात वादच नाही, तिथं माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे. पण घरात आणलेलं दोन-तीन महिन्यांचं पिल्लू अचानक आजारी पडून चार दिवसात जातं तेव्हा त्यामागं बऱ्याचदा पार्वो असतो, आणि रेबीजच्या लसीचा त्याला काडीचा उपयोग नाही.

पार्वो म्हणजे नेमकं काय

पार्वो हा व्हायरस आहे. लॅटिनमध्ये पार्वस म्हणजे छोटा, त्यावरनं नाव पडलं. छोटा म्हणजे किती, तर साधारण २५ नॅनोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरच्या रेघेवर असले चाळीस हजार शेजारी शेजारी बसतील. एवढासा जीव पण लय चिवट. कोरोनाच्या वेळी आपण सगळे साबण आणि सॅनिटायझर घेऊन बसलो होतो ते का, तर त्या व्हायरसच्या अंगावर चरबीचा कोट होता आणि साबणानं, अल्कोहोलनं तो कोट फाटला की आतलं खलास. पार्वोच्या अंगावर तसला कोटच नाही. त्यामुळं सॅनिटायझर चोळा, फिनेल टाका, डेटॉल टाका, त्याच्यावर भरवसा ठेवता येत नाही. मातीत, फरशीच्या फटीत, सावलीच्या ओलसर जागेत तो कित्येक महिने, कधी वर्षभरसुद्धा टिकून राहतो.

पसरतो तो विष्ठेतनं. आजारी कुत्र्याच्या चिमूटभर विष्ठेत कोट्यवधी व्हायरस असतात, आणि त्रासाची गोष्ट अशी की लक्षणं दिसायच्या आधीच ते बाहेर पडायला लागतात. म्हणजे वरनं एकदम टकाटक दिसणारं, शेपूट हलवणारं पिल्लूसुद्धा रोग वाटत फिरत असतं. लागण झाल्यापासनं साधारण तीन ते सात दिवसात लक्षणं दिसतात, कधी त्याहून उशिरा.

पोटात काय होतं

आपल्याकडं उसावरनं सांगितलं की पटकन कळतं. ऊस तुटून गेला तरी शेतकरी घाबरत नाही, कारण खाली खोडवा असतो, परत फुटवे येतात. आतड्याच्या आतल्या अस्तराचं तसंच आहे. वरच्या पेशी रोज झिजतात, गळतात आणि खालनं नव्या येतात, दर थोड्या दिवसांनी सगळं पीक नवं. पार्वोला फक्त भराभर वाढणाऱ्या पेशी लागतात, त्यांच्यातच तो स्वतःच्या कॉप्या काढू शकतो. म्हणून तो वरच्या पानाला हात लावत नाही, थेट खोडवाच जाळतो. मग वरचं झडून जातं आणि खालनं काय येतच नाही, आतडं उघडं पडतं. पाणी आत शोषलं जात नाही, रक्त झिरपतं, आणि आतड्यात एरवी गुमान राहणारे बॅक्टेरिया त्या उघड्या जागेतनं रक्तात शिरतात.

आता या बॅक्टेरियांना अडवायला पांढऱ्या पेशी पाहिजेत, तर त्या तयार होतात हाडाच्या मगजात, आणि तिथंही भराभर वाढणाऱ्या पेशी, म्हणजे पार्वो तिथंही. घर फोडलं आणि पोलीस चौकी पण जाळली. "व्हायरसवर अँटिबायोटिक चालत नाही म्हणतात, मग डॉक्टर का देतात?" असं मला एकानं तावातावानं विचारलं होतं, त्याचं उत्तर हेच. ते औषध पार्वोसाठी नसतंय, मागनं आत घुसलेल्या बॅक्टेरियांसाठी असतंय.

"आमच्या आज्ज्याच्या वेळी नव्हता असला काय रोग"

हे वाक्य मी लय लोकांकडनं ऐकलंय, बहुतेक कट्ट्यावर, आणि सांगणाऱ्याचा सूर असा की ही सगळी डॉक्टरांची आणि कंपन्यांची काढलेली भानगड. गंमत म्हणजे आज्ज्याच्या बाबतीत ते बरोबर आहेत! कुत्र्यांतला हा पार्वो खरंच नव्हता. १९७० च्या दशकात मांजरांच्या तसल्याच एका व्हायरसशी जवळचं नातं असलेला हा नवा व्हायरस कुत्र्यांत आला, १९७८ मध्ये तो ओळखला गेला आणि दोनेक वर्षांत जगभर पसरला. कुठल्याच कुत्र्याच्या अंगात त्याच्याविरुद्ध ताकद नव्हती, त्यामुळं पिल्लंच काय, मोठी कुत्रीसुद्धा पटापट मेली. भारतात ८० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याची नोंद झाली. पुढं त्यानं रूपं पण बदलली, २ए, २बी, २सी अशी नावं आहेत त्यांना, पण आत्ताच्या लसी या सगळ्यांविरुद्ध संरक्षण देतात.

म्हणजे आज्ज्याच्या वेळी नव्हता ही लस न द्यायची सबब होत नाही. आज्ज्याच्या वेळी मोबाईलवर फसवणारे पण नव्हते.

चीक

आता मुद्द्याची गोष्ट. माझं स्वतःचं पिल्लू, खंड्या, कागलकडच्या एका पाहुण्यांच्या मळ्यातनं चाळीस दिवसांचं आणलं होतं. सात आठवड्याला पहिलं इंजेक्शन दिलं आणि मी निवांत झालो. दहाव्या आठवड्यात गेलं. सोमवारी उलटी, गुरुवारी संपलं. मी डॉक्टरांवर चिडलोच, म्हणलं लस खराब होती काय तुमची? त्यांनी शांतपणे समजावलं, पण माझ्या डोक्यात शिरलं नाही. घरी येऊन आईला जसंच्या तसं सांगितलं तर तिला एका मिनिटात कळलं. आमच्याकडं म्हशी होत्या. ती म्हणाली, "अरे मग रेडकाला चीक का पाजतोय आपण?"

म्हैस व्याली की पहिल्या दुधाला आपण चीक म्हणतो, खरवस करून खातो, पण रेडकाचा वाटा आधी. कारण त्या चिकात आईनं आयुष्यभर रोगांशी लढून कमावलेली अँटिबॉडी असते. अँटिबॉडी म्हणजे एखादा ठराविक जंतू ओळखून त्याला पकडणारा पहारेकरी. कुत्रीचंही तेच. पिल्लू जन्मल्यावर पहिल्या दिवसात जेवढा चीक पितं तेवढे पहारेकरी त्याला आईकडनं मिळतात, त्यानंतर आतड्याचं ते दार बंद होतं.

पण हे पहारेकरी उधारीचे. पिल्लाला ते स्वतः बनवता येत नाहीत, आणि साधारण दर नऊ-दहा दिवसांनी ते निम्मे होत जातात. सुरुवातीला किती मिळाले हे आईवर आणि पिल्लानं किती चीक प्यायला त्यावर. एकाच वेताच्या सहा पिल्लांत दांडगट पिल्लू भरपूर पितं आणि बारकं उपाशी राहतं. म्हणून कुणाचे पहारेकरी सहाव्या आठवड्यात संपतात, कुणाचे चौदाव्या-सोळाव्या आठवड्यापर्यंत टिकतात. बाहेरनं बघून कळायला मार्ग नाही.

मग लस वाया कशी जाते

इथं तालमीचं उदाहरण घेतो. पार्वोची लस म्हणजे जिवंतच व्हायरस असतो, पण कमजोर केलेला, रोग करू न शकणारा. वस्ताद नव्या पोराला शिकवताना एकदम खासबागेतल्या पैलवानापुढं उभं करत नाही, जोडीला हलका गडी देतो, त्याच्याशी खडाखडी करून पोरगं डाव शिकतं. लसीतला व्हायरस म्हणजे तो हलका गडी.

आता समजा आईनं काळजीपोटी दोन दांडगे पहारेकरी तालमीच्या दारात उभे केलेत. हलका गडी आला की ते त्याला दारातनंच उचलून बाहेर फेकतात. पोरगं आखाड्यात वाट बघत बसलंय, कुस्ती झालीच नाही, डाव शिकला नाही. रजिस्टरला मात्र हजेरी लागली. पिल्लाच्या कार्डावर स्टिकर चिकटलं, आतमध्ये काहीच घडलं नाही.

बरं, पहारेकरी आहेत तर मग खऱ्या पार्वोला पण अडवतील की? भरपूर असतील तर अडवतात. पण असा एक काळ येतो की पहारेकरी थकलेले, दोन-चारच उरलेले. हलक्या गड्याला फेकायला ते पुरतात, खरा पैलवान झुंडीनं आला तर पुरत नाहीत. धड आईची ताकद नाही, धड स्वतःची नाही. हा काळ काही दिवसांचा ते दोनेक आठवड्यांचा असतो, आणि प्रत्येक पिल्लाचा वेगळ्या वेळी येतो. खंड्या त्यातच गेला. लस खराब नव्हती, डॉक्टर चुकले नव्हते, पुढचा डोस ठरलेला होता त्याच्या आधीच तो सापडला.

मग डोस कधी

हे कळलं की डोसाचं वेळापत्रक पाठ करायची गरज उरत नाही. पहारेकरी कधी जाणार माहीत नाही, म्हणून परत परत हलका गडी पाठवून बघायचं, ज्या दिवशी दार मोकळं असेल त्या दिवशी शिकणं होईल. सहा ते आठ आठवड्याला सुरुवात, मग दर तीन-चार आठवड्यांनी (जिथं रोग जोरात आहे तिथं डॉक्टर दोन आठवड्यांनी पण देतात), आणि शेवटचा डोस पिल्लू सोळा आठवड्यांचं झाल्यावर किंवा त्यानंतर. सगळ्यात महत्त्वाचा डोस कुठला विचाराल तर हा सोळा आठवड्यांनंतरचा. आणि आपल्याकडं नेमका हाच राहतो, कारण तोपर्यंत पिल्लू गुबगुबीत झालेलं असतं, चपला फाडत असतं, आणि "दोन झालेत की" म्हणून आपण सोडून देतो. त्यानंतर सहा महिने ते वर्षाच्या दरम्यान आणखी एक.

पुढं दरवर्षी द्यायचा का? जागतिक पातळीवरच्या पशुवैद्यकांच्या संघटनेचं म्हणणं असं की पार्वो आणि डिस्टेंपर (कुत्र्यांचा आणखी एक जीवघेणा व्हायरसचा रोग) यांची लस मोठ्या कुत्र्याला तीन वर्षांपेक्षा लवकर द्यायची गरज नाही. आपल्याकडं एकत्र लस दरवर्षी देतात, त्यात लेप्टोस्पायरोसिस (उंदरांच्या लघवीतनं, साचलेल्या पाण्यातनं पसरणारा रोग) असतो आणि त्याचं संरक्षण मात्र वर्षभराचंच. आपला पाऊस, भाताची खाचरं आणि उंदीर बघता तो वगळू नका. रेबीजचा डोस वेगळा धरा, "नाइन इन वन" म्हटलं म्हणजे सगळं आलं असं नाही, बऱ्याचदा त्यात रेबीज नसतो. कार्ड वाचा. आणि पिल्लू विकणारा "दोन डोस झालेत" म्हणाला तर ते नेमके कशाचे ते विचारा, कारण जंताच्या औषधालापण लोक डोसच म्हणतात.

काहीजण मेडिकलमधनं बाटली आणून घरीच टोचतात. लस २ ते ८ डिग्रीत ठेवायची असते. उन्हाळ्यात गाडीच्या डिकीतनं तासभर फिरवलेली लस म्हणजे हलका गडी आधीच मेलेला. वाचलेल्या पैशात फक्त पाणी टोचलं.

"आमचं पिल्लू बाहेरच जात नाही"

तुम्ही जाता की. पार्वो चपलेला चिकटून येतो, टायरला चिकटून येतो, पाहुण्यांच्या हातातनं येतो. लाळ्या खुरकुताच्या वेळी आपण दुसऱ्याच्या गोठ्यातनं आलेल्या माणसाला आपल्या गोठ्यात शिरू देत नाही, हे सगळ्या दूधवाल्या घरांना माहीत असतं, पण कुत्र्याच्या वेळी विसरायला होतं. चपला दाराबाहेर काढा आणि पिल्लाच्या तोंडाला लागणार नाहीत अशा ठेवा, हात धुवा.

याचा अर्थ चार महिने कोंडून ठेवा असाही नाही. त्याच वयात पिल्लू माणसं, गाड्या, आवाज यांना सरावतं. तेव्हा कोंडलं तर पुढं भित्रं आणि चावरं होतं. रंकाळ्यावर न्या, पण कडेवर. ओळखीच्या, डोस पूर्ण झालेल्या कुत्र्याबरोबर घरात खेळू दे. आणि दवाखान्यात गेल्यावर लस द्यायच्या नादात पिल्लू फरशीवर सोडू नका, तिथं तुमच्या आधी कोण बसून गेलं तुम्हाला काय माहीत. मांडीवरच धरा.

"गल्लीतली कुत्री कुठं लस घेतात? जगतात की ठणठणीत!"

आपल्याला दिसतात ती जगलेली. मेलेली मोजायला कोण बसलंय? पश्चिम बंगालमध्ये संशोधकांनी बसून मोजली होती. २०१६ मध्ये छापलेल्या त्या अभ्यासात रस्त्यावरच्या ३६४ पिल्लांपैकी मोठी होऊन वीण घालायच्या वयापर्यंत फक्त १९ टक्के पोचली. ही सगळी काही पार्वोनं गेली नाहीत, निम्म्याहून जास्त मृत्यू माणसामुळंच होते, गाड्या, मारणं वगैरे. पण "देशी कुत्रं कणखर असतंय" हे आपण जगलेल्या पाचव्या हिश्श्याकडं बघून बोलतो. रॉटवायलर, डॉबरमॅन, जर्मन शेफर्ड यांच्यात पार्वो जास्त आढळतो हे खरं, पण देशी पिल्लाला होत नाही असं अजिबात नाही.

झालाच तर

पिल्लू सुस्त, खाणं बंद, उलट्या, मग घाण वासाचे पातळ, बऱ्याचदा रक्ताचे जुलाब. एवढं दिसलं की त्याच दिवशी डॉक्टर, उद्या नाही. विष्ठेची पट्टीवरची टेस्ट असते, कोरोनाच्या किटसारखी, पण ती निगेटिव्ह आली म्हणून पार्वो नाहीच असं धरायचं नाही. व्हायरस थेट मारणारं औषध आपल्याकडं नेहमीच्या वापरात नाही. अमेरिकेत २०२३ मध्ये तयार अँटिबॉडीच्या इंजेक्शनला सशर्त परवानगी मिळाली, म्हणजे बाटलीतला चीकच म्हणा ना. आपल्याकडं खरा आधार सलाइनचा. खोडवा परत फुटेपर्यंत शेतात पाणी टिकवायचं, एवढंच काम. त्यासोबत उलटी थांबवायचं औषध, अँटिबायोटिक, ऊब, आणि जमेल तसं लवकर थोडं थोडं खाणं. वेळेत आणि नीट ट्रीटमेंट मिळाली तर दहातली आठ-नऊ पिल्लं वाचू शकतात, काहीच केलं नाही तर दहातली नऊ जातात.

घरगुती उपायांचं सांगतो, कारण खंड्याचा पहिला दिवस मी त्यातच घालवला. नारळपाणी, ताक, हळद असं सिरिंजनं तोंडात घातलं. जे पोट पाण्याचा थेंब ठेवत नाही त्यात ताक काय थांबणार? उलट जबरदस्तीनं पाजलेलं फुप्फुसात जायची भीती. माणसांची पेनकिलर तर चुकून देऊ नका, ब्रुफेननं कुत्र्याचं पोट आणि किडनी दोन्ही जातात.

माणसाला होतो का? नाही. माणसांचा एक वेगळा पार्वो व्हायरस आहे, तो वेगळा, हा वेगळा. घरात लहान मूल आहे म्हणून आजारी पिल्लू बाहेर टाकून येणारे आहेत, त्यांच्यासाठी हे मुद्दाम लिहिलं. मांजराला मात्र जपा, पार्वोची नवी रूपं मांजरांनाही लागू शकतात.

पिल्लू गेल्यावर घराचं काय

पार्वोला मारणारी सहज मिळणारी गोष्ट म्हणजे ब्लीच, सोडियम हायपोक्लोराइट. बाटलीवर ५ टक्के लिहिलं असेल तर एक भाग ते आणि तीस भाग पाणी. पण आधी जागा साबणानं घासून स्वच्छ करायची, कारण घाणीवर टाकलं तर ब्लीच घाणीशीच लढून संपतं. मग दहा मिनिटं ओलं राहू द्यायचं आणि धुवायचं. ॲसिड किंवा संडास धुवायच्या लिक्विडमध्ये मिसळू नका, विषारी गॅस होतो. भांडी, साखळी धुता येतात, गादी-गोणपाट सरळ जाळून टाका.

अडचण अंगणाची. माती ब्लीचनं धुता येत नाही, सारवलेली जमीन तर नाहीच. जिथं कडक ऊन पडतं तिथं तो लवकर मरतो, सावलीत रेंगाळतो. म्हणून त्या घरात लगेच दुसरं लहान पिल्लू आणायचं नाही. आणायचंच असेल तर सोळा आठवड्यांवरचं, सगळे डोस झालेलं, शेवटच्या डोसाला दोन आठवडे उलटलेलं आणा.

आमच्याकडं आंब्याखाली, पाण्याच्या टाकीमागं खंड्याची जागा होती. दिवसभर ऊन नाही तिथं. आईनं फांद्या छाटायला लावल्या, पोतं जाळलं, आणि पाहुण्यांच्या मळ्यातली कुत्री परत व्याली तेव्हा पिल्लू द्यायला आलेल्या मामांना चहा पाजून पिल्लासकट माघारी पाठवलं. म्हणाली, "चार महिन्यांचं झालं की आणा, कार्डासकट." आणि त्या कुत्रीला पुढच्या वेळी गाभण राहायच्या आधी डोस द्या, म्हणजे चीक चांगला निघंल, हे पण सांगितलं. मामा जरा नाराज झाले. पण डोस दिला त्यांनी.